दहा डोळ्यांची बाटली

डोळ्यात सुई द्यायची आहे, असं सांगितल्यावर माणूस आधी डॉक्टरकडे पाहत नाही, दाराकडे पाहतो. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं हे दाराकडे पाहणं पाहण्यातच गेली. यवतमाळच्या एका रुग्णालयात मी डोळ्यांच्या विभागाची सिस्टर होते. मोतीबिंदूची लोकांना सवय झाली होती, पण आमच्याकडे एक नवे डॉक्टर आले आणि त्यांनी पडद्याच्या आजारासाठी इंजेक्शनं सुरू केली. डोळ्याच्या आत, अगदी मागे, जो पडदा असतो त्यावर सूज आली किंवा रक्त साचलं की समोरच्या माणसाचा चेहराच पुसला जातो. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. त्यावर हे औषध. महिन्याला एक, अशी निदान तीन तरी घ्यायची, आणि तीही थेट डोळ्यात.

"हातालेच देऊन द्या न वो बाई, तिथून जाईन वर," असं प्रत्येक जण म्हणायचा.

"हातातून जात असतं तर आम्हाला काय हौस आली आहे?" असं मी म्हणायचे. मी तापट आहे, हे इथेच सांगून टाकते. घरचे सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर आवाज खाली आणून विचारायचे, "कसं काय आहे गं तुमच्याकडे?" मला त्याचा राग यायचा. वाईट होतं, मी कशाला नाकारू. पण माझ्या इंजेक्शनच्या खोलीबाहेर दोन लांब बाकं होती आणि त्या बाकांवर महिन्यातून एक दिवस जेवढं हसणं चालायचं, तेवढं मी कुठल्या लग्नातही ऐकलं नाही.

डॉक्टर साताऱ्याकडचे. वयाने माझ्या मुलाएवढे आणि बोलणं असं मऊ की पेशंटपर्यंत पोचायचंच नाही. सुई हातात घेऊन ते म्हणणार, "आपण जरा वर पाहाल का?" मग मला मागून सांगावं लागे, "बाबाजी, पंख्याकडे पाहा, पंख्याकडे. डोळा हलवाल तर माझ्याशी गाठ आहे." बाबाजी मुकाट पंख्याकडे पाहत. डॉक्टर नंतर हळूच म्हणत, "सिस्टर, थोडं प्रेमाने." मी म्हणे, "सर, प्रेमाने सांगितलं की डोळा हलतो."

सगळा कारभार एका बाटलीवर चालायचा. औषधाची बाटली असायची बोटाच्या पेराएवढी, पण तिच्यात दहा जणांचे डोळे भागायचे. आम्हाला ती महिन्याला एकच मिळे. एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. म्हणून दहा माणसं बाहेर मोजून झाल्याशिवाय मी बाटलीला हात लावू देत नसे. नऊ आले तर तारीख पुढे. डॉक्टरांचा जीव तुटायचा, पण चार जण राहिले म्हणून त्यांचं औषध कचऱ्यात गेलं आणि महिनाभर त्यांना काही नाही, हे मी एकदा पाहिलं होतं. पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

हजेरी घ्यायचं काम कळंबच्या एका हेडक्लार्कसाहेबांनी आपणहून उचललं होतं. ते स्वतः पेशंट. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरून वही आणायचे, तिच्यावर रेघा आखायचे आणि बाकासमोर उभं राहून नंबर पुकारायचे. पुकारलेल्याने "हजर" म्हणायचं. कोणी नुसतं "हाव" म्हटलं तर पुन्हा पुकारायचे. येताना तिथल्या चिंतामणी गणपतीचा अंगारा पुडीत बांधून आणत आणि घाबरलेल्या प्रत्येकाच्या कपाळाला लावत. डोळ्याच्या जवळ बोट नेलंत तर पुडी जप्त करीन, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आता याडीचं सांगते. महागाव रस्त्यावरच्या एका तांड्यातली ही बाई. साठीची, उंच, हातभर बांगड्या आणि तोंडाला लगाम नाही. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. तिच्यासोबत पहिल्या वेळी आलेली मंडळी तिला याडी म्हणत होती, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. तिचा डावा डोळा कधीच गेला होता. पडद्यावर डाग धरलेला, त्याला काही इलाज नव्हता. उरलेल्या उजव्या डोळ्यात आता सूज आली होती. तक्त्यावरची सगळ्यात वरची, हाताएवढी आकृतीही तिला दिसेना.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं आणि मी ते आमच्या भाषेत परत सांगितलं. हा एकच डोळा आहे. तीन इंजेक्शनं वेळेवर झाली तर आशा आहे. मधलं चुकलं तर जे अंधुक दिसतं तेही जाईल.

"काठीच धरा लागन मंग," ती म्हणाली.

"हो. काठीच."

"मले नातवाईचे तोंडं दिसत नाई, बाई. लुगड्यावरून सुना वयखतो. पण पोट्टे एका रंगाचे कपडे घालतेत न, मंग चुकतो मी. हासतेत थे मले." हे सांगताना तीही हसली. मला मात्र हसू आलं नाही.

पहिलं इंजेक्शन तिने घेतलं तेव्हा माझा हात धरला होता. तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होते. हूं नाही की चूं नाही.

त्याच दिवशी मी बाकावरच्या सगळ्यांना झापलं. त्याला कारण होतं. त्याच्या आधीच्या तारखेला सातच जण आले होते, तारीख पुढे ढकलावी लागली होती आणि आलेल्यांना उपाशीपोटी परत जावं लागलं होतं. तेव्हा मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "एकाची जागा रिकामी राहिली तर बाकीच्या नऊ जणांची बाटली उघडत नाही. शेतात काम असो, घरी पाहुणे असोत, मला सांगायचं नाही. काही करा, पण आपला नंबर रिकामा ठेवू नका." हेडक्लार्कसाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. याडीने मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

दुसऱ्या इंजेक्शनची तारीख दिवाळीच्या आगेमागे आली. त्या दिवसांत गावंच्या गावं कापसात असतात, त्यामुळे मी सकाळपासून धास्तावलेली. साडेदहाला नऊ झाले. दहावा नंबर याडीचा. अकराला फाटकातून ती आली. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात आमचं कार्ड. हेडक्लार्कसाहेबांनी पुकारलं, पदराआडून "हजर" आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी बाटली काढायला सांगितली.

मग तिला तक्त्यासमोर बसवलं. आमच्याकडे न शिकलेल्यांसाठी तीन दांड्यांच्या आकृत्यांचा तक्ता असतो. दांड्या ज्या बाजूला, तिकडे बोट करायचं. पदर तिने गालावर तसाच धरून ठेवला, डावा डोळा मी हाताने झाकला. तिने वरच्या आकृतीला बोट केलं. बरोबर. दुसरी ओळ, बरोबर. तिसरी, चौथी. मी खाली खाली जात होते आणि ती भराभर बोटं करत होती. शेवटच्या ओळीलाही ती चुकली नाही. एका इंजेक्शनात एवढा फरक मी पाहिला नव्हता. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं, "याडीला तळची ओळ दिसली." बाकावर आनंदीआनंद. हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "चिंतामणीची कृपा." एक आजोबा, जे सकाळपासून दाराकडे पाहत होते, ते म्हणाले की आपला नंबर आधी घ्या.

ती काहीच बोलत नव्हती. याडी आणि गप्प, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी आनंदात होते आणि आनंदात माझं डोकं चालत नाही.

नऊ जणांची इंजेक्शनं झाली. तिला सगळ्यात शेवटी टेबलावर घेतलं. बाहुली मोठी करायचे थेंब आधीच घातले होते. डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दिवा वर केला, भिंग पुसलं आणि परत पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "पडदा अगदी स्वच्छ आहे."

"मग चांगलंच झालं की."

"सूज नाही, रक्त नाही, खूणसुद्धा नाही. हे औषध इतकं चांगलं नाहीये हो." मग ते म्हणाले, "जरा डावा डोळा बघू."

डावा पाहिला. तोही स्वच्छ. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. "डाव्याला आपण हात तरी लावला होता का?" त्यांनी विचारलं. सुई भरून ट्रेमध्ये तयार होती.

मी तिचा पदर मागे केला. चाळिशीची बाई. टेबलावर सरळ आडवी पडलेली, मुठी आवळलेल्या, घामाघूम.

"कोण गं तू?"

"जाऊ हाये थ्याईची. धाकटी."

"आणि याडी कुठे आहे?"

"वावरात. आज सीतादही हाये न आमच्या घरी."

कापसाची पहिली वेचणी सुरू करताना घरातल्या थोरल्या बाईने वावरात दहीभात ठेवायचा आणि पूजा करून पहिली बोंडं वेचायची, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. थोरलीने हात लावल्याशिवाय बाकीच्या बाया वेचायला सुरुवात करत नाहीत. तो दिवस आणि आमची तारीख एकच आली होती. ते मला समजलं. पण ही इथे कशाला आली, ते समजेना.

"नंबर धराले आली," ती म्हणाली. "मागच्या साली कापसाच्या सेंटरवर आठ दिस गाडी उभी होती आमची. पाळीपाळीनं बसलो घरचे. कधी सासरा, कधी मी, कधी थ्याईचा मालक, माया भासरा. गाडीवर माणूस असला की नंबर जात नाई. तुमीच सांगतलं ना थ्याईले, नंबर रिकामा ठेवू नका म्हनून. थ्या म्हणे, तू जाय, माया नंबरवर बस. मी उद्या येतो."

मी कपाळाला हात लावला. दोष कोणाला देणार? माझेच शब्द होते. त्या वर्षांत सगळा जिल्हा रांगेत बसून जे शिकला होता, तेच तिने मन लावून केलं होतं. तरी तोंडातून निघायचं ते निघालंच. "अगं बाई, आम्ही सुई दिली असती ना तुझ्या चांगल्या डोळ्यात. तुला कळत होतं का ते?"

"कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"नंबर गेला असता." मग तिने हळूच विचारलं, "घेतली असती मी. लय दुखते का वो?"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आमच्या घरात सगळ्या जावा शिकलेल्या, नोकरीच्या. आम्ही एकमेकींना चहा विचारताना हिशोब ठेवायचो. आणि ही जावेसाठी डोळ्यात सुई घ्यायला आडवी पडली होती. मला माझी लाज वाटली. तिला उठवून बसवलं, पाणी दिलं. ती आली नसती तर दहा झाले नसते आणि बाकीच्या नऊ जणांचीही बाटली उघडली नसती, हे मला पाणी देताना सुचलं. तसं मी तिला सांगितलंही.

पण याडीचा डोळा तसाच होता. भरलेली सुई संध्याकाळपर्यंतच चालणार होती, उद्याला अर्थ नव्हता, आणि पुढची बाटली महिन्याने. डॉक्टर म्हणाले, "साडेपाचपर्यंत मी थांबतो. त्याच्यापुढे हे औषध मी कोणाच्या डोळ्यात घालणार नाही."

तांड्याच्या फाट्यावर एका टपरीत फोन होता. तो नंबर हेडक्लार्कसाहेबांच्या वहीत निघाला. फोनही त्यांनीच लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सदर बाईंनी आज रोजी साडेपाचच्या आत समक्ष हजर राहावे." पलीकडचा टपरीवाला घाबरला. त्याला वाटलं पोलीस ठाण्यातून फोन आहे. मी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि सांगितलं, "हे पाहा भाऊ, याडीला वावरातून काढा, मिळेल त्या गाडीत बसवा आणि इकडे धाडा. पूजा झाली असेल तर ठीक, नसेल तर पटकन उरकायला सांगा."

मग वाट पाहणं. नऊ जणांची सुट्टी झाली होती, पण कोणी हलेना. एक डोळा किलकिला करून सगळे बाकावर बसून राहिले. गेली एसटी तर जाऊ द्या, म्हणाले. हेडक्लार्कसाहेब फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. धाकटी जाऊ बाकाच्या टोकाला बसली होती. थेंबांमुळे तिला जवळचं दिसेना, म्हणून एका आजीने तिला पोळी हातात दिली. चार वाजले. पावणेपाच झाले. मी डॉक्टरांना दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा."

पाच वाजून गेल्यावर सोयाबीनच्या पोत्यांचा एक टेम्पो फाटकात थांबला. याडी उतरली. केसांत कापसाचे धागे, हातात डबा, आणि तोंड सुरू.

"आमची जाऊ आलती ना, मंग मले काहून बलावलं? काय तमाशा लावला बाई तूनं?"

"तमाशा मी लावला?" मीही सुटले. "डोळा तुझा, सूज तुझी, आणि सुई जावेला? उद्या तू जेवायला पण हिलाच पाठवशील. इथे कापूस नाही मोजत आम्ही. ज्याचा डोळा, त्यानेच यायचं."

"असं सांगतलं काहून नाई मंग?"

हेडक्लार्कसाहेबांनी तेवढ्यात वही उघडून माझं शेवटचं वाक्य लिहून घेतलं. पुढच्या महिन्यापासून हजेरीआधी ते मोठ्याने वाचायला लागले.

सव्वापाचला तिला टेबलावर घेतलं. तक्त्यावर अजूनही वरची आकृती दिसत नव्हती. डॉक्टरांनी आत पाहिलं. सूज थोडी उतरली होती, फार नाही. सुई गेली. या वेळी तिने माझा हात धरला नाही, धाकटीचा धरला. मी बाजूला उभी राहिले आणि पंख्याकडे पाहायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिने डबा उघडला. वावरातला प्रसादाचा दहीभात. एकेका डोळ्याने पाहत सगळ्यांनी तो खाल्ला. डॉक्टरांनीही खाल्ला.

तिसऱ्या तारखेला दोघी जावा मिळून आल्या. महिनाभर मी मनातून धास्तावलेली होते. काही पडदे तीन सोडून दहा सुया घेतल्या तरी ऐकत नाहीत, हे मी पाहिलं होतं. तक्त्यासाठी मी मुद्दाम तिला शेवटी बोलावलं. चेहऱ्यावर काही दिसू न देता तिला तक्त्यासमोर बसवलं आणि या वेळी आधी पदर मागे करून कोण आहे ते पाहून घेतलं. डावा डोळा झाकला. वरच्या आकृतीला तिने बोट केलं. बरोबर. दुसरी ओळ, बरोबर. तिसऱ्या ओळीत ती एकदा चुकली, मग दुरुस्त केलं. चौथी जमली नाही.

"पुढचं सांग," मी म्हटलं.

तिने तक्त्याकडे पाहणं सोडलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती. पुढे वाकून, मान तिरपी करून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"बाई, तू तं म्हातारी हायेस," ती म्हणाली. "वरडतेस तं मले वाटे, एखादी जवान पोरगी असन. डोक्शाचे केस तं पार पिकले तुये."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. तिने हात पुढे करून माझी एक पांढरी बट धरली, मग दुसरी, आणि धाकट्या जावेला बोलावून दाखवायला लागली. बाहेर बाकीचे सुईसाठी खोळंबले होते, डॉक्टर दोनदा डोकावून गेले. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, टोपी काढली आणि तिला नीट दिसावं म्हणून मान खाली केली.